कढीपत्त्याच्या बुंध्याशी

“एका चटईवर वडाम, एका चटईवर चिखल. कॉलेजात हेच शिकवतात वाटतं हिला!”

मामी हे कुंपणापलीकडच्या शेजारणीला तमिळमध्ये सांगत होती. शेजारीण म्हणाली, “तळताना नीट बघा हं, नाहीतर पाहुण्यांना चिखल वाढाल!” दोघी हसल्या. मी गच्चीवर वडामच्या, म्हणजे तांदळाच्या सांडग्यांच्या, शेजारी तोच चिखल उलथत होते. हसू मलाही आलं, पण मी कठड्याआडच राहिले.

कावेरीच्या मुलखात, नाचियारकोविल गावाच्या रस्त्यावर मामाचा पितळी समयांचा छोटा कारखाना आहे, घराच्या मागेच. हल्ली गिऱ्हाइकांना नवी समई जुनी दिसायला हवी असते. ती काळपट करायच्या औषधात सेलेनियम हे विषारी द्रव्य असतं. समया धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात जायचं, आणि तिथून विहीर लांब नाही. मला हे कॉलेजात गेल्यावर कळलं. पण मामाला सांगायचं कसं? त्याच कारखान्यावर माझं शिक्षण चाललं होतं. म्हणून ‘कॉलेजचा प्रयोग आहे’ एवढंच म्हणाले आणि चिखल घेऊन आले.

जलशुद्धीकरण केंद्रात कावेरीच्या पाण्यात तुरटी घालतात, तेव्हा तळाशी बसतो तो हा गाळ. एरवी टाकूनच देतात. तो वाळवून पिंपात भरायचा आणि समयांचं पाणी त्यातून हळूहळू सोडायचं. बरंचसं सेलेनियम गाळाला चिकटून राहतं. मामानं काही विचारलं नाही. पिंपाला खाली एक पितळी तोटी मात्र बसवून दिली, समईसारखी घासून लख्ख केलेली. मामीला मी सांगितलं होतं, ही माती पाणी स्वच्छ करते. वापरून झालेली माती मी झाकणाच्या बादलीत भरून कॉलेजला परत नेत असे.

गच्चीवरून खाली आले तर बादली रिकामी. मामी कढीपत्त्याच्या बुंध्याशी बसून दोन्ही हातांनी माती थापत होती.

“मी चेष्टा करते गं,” ती आमच्या घरच्या मराठीत म्हणाली. “पण कावेरीची माती ही. त्यात पाणी स्वच्छ करणारी! परत कशाला नेतेस? झाड कसं फोफावेल बघ.”

तिचा चेहरा इतका खूश होता. ती आत गेल्यावर गुपचूप माती उकरून काढता आली असती; मी एरवी तेच केलं असतं. पण पुढची बादलीही तिनं इथेच ओतली असती, आणि रोजच्या साराच्या फोडणीत याच झाडाची पानं पडतात. मामीनं आणखी एक मूठ उचलली.

मी तिच्याशेजारी बसले आणि तिचं मनगट धरलं.

“मामी, थांब. तुमच्या समयांच्या औषधातलं विष या मातीनं स्वतःत धरून ठेवलंय, म्हणून पाणी स्वच्छ होतं. झाडाला घातलीस तर ते पानांतून आपल्या सारात येईल. तू हात धू, मी काढते. मामालाही मीच सांगते.”