हातात तीन एक्के

धुळ्याच्या एका दवाखान्यात मला सलाईन लागणार होतं आणि सुईला मी लहानपणापासून घाबरतो. वॉर्डातला ब्रदर सोनगीरकडचा, अंगाने आडवा, मिशीतल्या मिशीत हसणारा. माझा हात चोळत, शीर शोधत तो सांगू लागला.

"भाऊ, आखाजीले आम्ही पारवर पत्ते खेळत व्हतूत."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गावोगाव उघड्यावर पैसे लावून पत्त्यांचे डाव पडतात.

"नेमका पोलीस उनात. बठ्ठा पळनात, मी एकलाच सापडनू."

"तुम्ही का नाही पळालात?"

"हातमा तीन एक्का व्हतात. कसा उठू?"

केस झाली, दंड झाला. पुढे नर्सिंग करून तो इथे मुलाखतीला निघाला, तेव्हा घरच्यांनी बजावलं होतं की त्याबद्दल चकार शब्द काढू नकोस. याने मेट्रनबाईंना आपणहून सगळं सांगितलं, एक्क्यांसकट. बाई म्हणाल्या, "म्हणजे हातातलं टाकून तू पळत नाहीस. सोमवारपासून ये."

मी हसलो. खाली पाहिलं तर सुई टोचून वर चिकटपट्टीही लागली होती.

मग तो शेजारच्या खाटेकडे वळला. तिथले आबा आठवडाभर दाखल होते, गोष्ट त्यांना पाठ असणार. त्याने शीर शोधायला घेतली.

"आबा, आखाजीले आम्ही..."

आबांनी डोळे मिटले, हात सैल सोडला आणि पोलीस येऊन गेल्यावर बरोबर विचारलं, "मंग तू का पळना नही?"