पोस्टरवरचं तोंड

शिरूरला माझ्या दवाखान्यामागच्या घरात कुणी मिसरीसाठी तंबाखू भाजायला घेतली, की त्या वासासरशी मला डेंटल कॉलेजातला संशोधनाचा वार्षिक दिवस आठवतो. वरवंडहून काकी माझं पोस्टर बघायला आली होती. त्यावरचा मिसरीमुळे हिरडीवर उठलेल्या, पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याचा मोठा फोटो तिच्याच तोंडाचा होता. सुट्टीत गावी गेले तेव्हा दात बघते असं सांगून मी काढलेला. तिला तो ओळखू आला नाही. "कुनाचं गं ह्ये त्वांड? मिसरी सोड म्हनून सांगितलंस का न्हाई तिला?" "सांगितलंय," मी म्हटलं. खरं तर बक्षीस समारंभ झाल्यावर सांगणार होते; आधी सांगितलं असतं तर तिनं फोटो लावू दिला नसता. पहिलं बक्षीस घेऊन मी स्टेजवरून उतरले, तेव्हा ती मागच्या खुर्चीत कनवटीची डबी काढून निवांत मिसरी लावत होती. ते सर्टिफिकेट अजून दवाखान्याच्या भिंतीवर आहे. कशाबद्दल मिळालं असं पेशंटनं विचारलं, की मी फक्त विषय सांगते.