डोंगराचे दोन्ही कान

डोंगराला 'हनुवटी जरा खाली घ्या' असं सांगणारा माणूस अख्ख्या आखातात एकच निघेल, आणि तो अजमानमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. सगळी बिल्डिंग त्यांना चाचा म्हणायची. बिल्डिंगचा मालक वयाने त्यांच्याहून मोठा, पण तोही चाचाच म्हणायचा. मूळचे श्रीवर्धनचे. उभी हयात शारजात, रोल्लाच्या एका गल्लीतल्या फोटो स्टुडिओत पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो काढण्यात गेली. तिथल्या उंच स्टुलावर बसवून, दोन बोटांनी डोकं सरळ करून, 'श्वास धर, डोळे उघड, हसू नको, हसायला आयुष्य पडलंय' असं चाचांनी ज्याला दरडावलं नाही असा आपला माणूस रोल्लात मिळणं कठीण. मलाही दरडावलं होतं. माझ्या पहिल्या व्हिसावरचा तो फोटो बघून आईने फोनवर हळूच विचारलं होतं, तिकडे तुला कुणी मारतं का रे.

अशा माणसाला उतारवयात डोंगरांचे फोटो काढायचा नाद लागला, आणि त्यापायी माझे रविवार गेले. मी आठवडाभर जुमेरा लेक टॉवर्सच्या एका ऑफिसात मान मोडून काम करणार आणि सुट्टीच्या दिवशी चाचांचा ड्रायव्हर होणार, हे आमच्या घरात मला न विचारताच ठरलेलं होतं. चाचांना गाडी चालवता येत नव्हती. परवान्याच्या परीक्षेत शेजारी बसलेल्या परीक्षकालाच त्यांनी 'नेक स्ट्रेट, प्लीज' म्हणून सुनावलं आणि तिथेच खलास झालं, अशी आख्यायिका आहे. पहाटे नमाज आटोपून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशात कंगवा ठेवून ते खाली उभे असत. डोंगरात कंगवा कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, स्टुडिओत कंगवा नसेल तर तो स्टुडिओ कसला?" हत्ताच्या डोंगरांत पोचल्यावर मात्र कंगवा खिशातच राहायचा आणि हे गृहस्थ कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून समोरच्या काटेरी झुडपांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या एकेक करून काढत बसायचे. फोटोआधी समोरच्याचे केस नीट करायचे, हा धंद्याचा नियम त्यांनी डोंगरालाही लावला होता.

नियम तसे सगळेच लावले होते. फोटो कायम उभा. शिखर बरोबर मध्यभागी. डाव्या-उजव्या बाजूचे दोन्ही सुळके दिसलेच पाहिजेत, कारण ते डोंगराचे कान, आणि कान दिसले नाहीत तर व्हिसाच्या काउंटरवरून फोटो परत येतो. आकाशात ढग आला की चाचा वैतागायचे, "बॅकग्राऊंड खराब केलं!" स्वच्छ निळं आकाशही त्यांना चालत नसे, पांढरंच हवं. त्यामुळे धुळीने आभाळ पांढुरकं झालं की बाकीचे हौशी फोटोवाले शिव्या घालत परत निघायचे, आणि आमचे चाचा खुशीत कॅमेरा बाहेर काढायचे. एकदा हातभर लांब लेन्सा घेतलेला एक गोरा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. शेवटी त्याने न राहवून विचारलं, की तुम्ही नेमकं कशासाठी थांबलाय? चाचांनी डोंगराकडे बोट दाखवून गंभीरपणे सांगितलं, "ही इज नॉट रेडी." तो गोराही बिचारा मग थांबला.

इतपत वेड मला परवडत होतं. पण चाचांना हवा होता ऑटम. लाल, केशरी, पिवळ्या पानांनी पेटलेला डोंगर. तोही इथे, अमिरातीत, जिथे डोंगरावर पान शोधायलाच निम्मा दिवस जातो. आणि हवा होता ऑक्टोबरात, कारण ऑटम ऑक्टोबरात असतो! दर ऑक्टोबरला आम्ही बायकोने दिलेलं कोकम सरबत पीत, चटके देणारा कॅमेरा रुमालात धरून फुजैराकडचे डोंगर पालथे घालायचो. शेवटच्या वर्षी लांब दरीत पिवळंधमक काहीतरी डोलताना दिसलं. चाचांचा चेहरा असा उजळला की मी तक्रार न करता तासभर दगड तुडवत त्यांच्या मागे गेलो. जवळ जाऊन पाहतो तर रस्त्याच्या कामावरच्या कुणीतरी धुऊन वाळत घातलेलं जाकीट. चाचा खडकावर बसले. "फोटो काढू का?" मी विचारलं. म्हणाले, "राहू दे. रंग बरोबर आहे, माणूस चुकीचा."

परतीच्या वाटेवर मी वैतागून विचारलंच, चाचा, हा हट्ट कशासाठी? खिडकीबाहेर बघत ते एकेक वाक्य तोडून सांगायला लागले. त्यांची एकुलती एक मुलगी शारजात जन्मली, रोल्लात वाढली आणि आता कॅनडात असते. दर ऑक्टोबरात ती लालभडक झाडांखाली उभी राहून काढलेले फोटो पाठवते. चाचांनी सवयीने पहिल्याच फोटोला नावं ठेवली होती, की फोटो वाकडा आहे, मागे गर्दी आहे. त्यावर तिने फोनवर सांगितलं, "अब्बा, लहानपणीचा माझा एकेक फोटो बघा. व्हिसा रिन्यू करायला काढलेला. तुम्हीच काढलेला. मागे पांढरा पडदा. दुसरा फोटोच नाही माझा. लोक विचारतात, व्हेअर डिड यू ग्रो अप? काय दाखवू? देअर इज नथिंग बिहाइंड मी, अब्बा."

"खरं आहे," चाचा म्हणाले. "दिवसभर दुनियेचे फोटो काढायचे, घरी आल्यावर कॅमेऱ्याला हात लावायचा कंटाळा. मला तिला दाखवायचंय, की बेटा, तुझ्या मागे काहीतरी होतं. तिकडच्यासारखंच होतं. मीच पडदा लावला होता." मी एसी वाढवला.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत स्टुडिओ बंद झाला. आता काउंटरवरच फोटो काढतात, स्टुलावर बसायला कोण येणार? स्टुडिओचा मालक भला माणूस. निरोपाला काय देऊ म्हणाला, तर चाचांनी तो पांढरा पडदा मागून घेतला. व्हिसा जानेवारीअखेर रद्द व्हायचा होता आणि चाची केव्हाच श्रीवर्धनला जाऊन घर झाडूनपुसून बसल्या होत्या. ऑटम राहिला तो राहिलाच. माझी बायको म्हणाली, "निदान डोंगरांचा निरोप तरी घ्या. डबा मी करते आणि मीही येते." तर जानेवारीतल्या एका रविवारी, गारव्यात, मसाफीच्या पलीकडे डोंगरातल्या एका लहानशा गावात आम्ही तिघं पोचलो. मशिदीशेजारी एक झाड होतं. त्याच्या सावलीत चटई टाकली आणि बटाटेवडे काढले.

चाचांचं वड्यांकडे लक्ष नव्हतं. चटईवर सारखी पानं पडत होती आणि ते पुटपुटत ती हाताने बाजूला सारत होते. "बदामाचं झाड म्हणजे नुसता कचरा. आमच्या परसात आहे ना! ऐन थंडीत रोज ढीगभर. झाडून झाडून अम्मीची कंबर मोडली, आता चाचीची मोडतेय."

बायकोने त्यांनी सारलेलं एक पान उचललं. तळहाताहून मोठं, गर्द लाल, देठाकडे केशरी. ते तिने त्यांच्यासमोर धरलं. "चाचा, मग हे काय आहे?"

चाचांनी पानाकडे पाहिलं, मग मान वर केली. अख्खं झाड लाल झालं होतं. गेल्या ऑक्टोबरात आम्ही याच रस्त्याने गेलो होतो आणि तेव्हा ते हिरवंगार उभं होतं. जन्मभर ज्याला ते कचरा म्हणत आले, त्याच्याच शोधात आम्ही इतकी वर्षं नको त्या महिन्यात रक्त आटवत होतो. मी खो खो हसायला लागलो, बायको हसायला लागली, आणि चाचा एकदम उठून ओरडले, "यल्ला, चला, पडदा काढा!"

पडदा गाडीत होताच. त्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं बायकोच्या, आणि आम्ही दोघं झाडामागे हात उंच करून उभे. चाचा समोरून हुकूम सोडत होते, "ताई, वर. भाऊ, सुरकुती पडली." मशिदीतून बाहेर पडलेल्या दोन म्हाताऱ्या अरबांनी थांबून सलाम केला आणि झाडाच्या पासपोर्टचं काम चाललंय तर मधे कशाला यायचं, अशा बेताने कडेकडेने निघून गेले. माझे हात भरून आले तरी क्लिक ऐकू येईना. पडद्याच्या कडेने डोकावून पाहिलं तर चाचांनी कॅमेरा खाली घेतला होता.

"मागे काय आहे ते दिसत नाही," ते म्हणाले. "सोडा पडदा."

आम्ही सोडला. मागे तपकिरी डोंगर होता, विजेच्या तारा होत्या, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे होते, एक शेळी होती. वर चक्क ढग होता. चाचांनी कॅमेरा आडवा धरला, जे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि फोटो काढला. आडव्याची सवय नाही, त्यामुळे फोटो वाकडा आला. तो त्यांनी फोनवर घेऊन तिथूनच मुलीला पाठवला आणि फोन पालथा ठेवून वडा खायला बसले. खाल्ला मात्र नाही.

कॅनडात पहाट असणार, तरी उत्तर आलं, व्हॉइस मेसेज. ऐकायचा धीर त्यांना नव्हता, म्हणून तो बायकोने लावला. आधी हसू ऐकू आलं, "अब्बा, इट्स क्रुकेड!" मग नाक ओढल्याचा आवाज. मग, "हा आपला बदाम ना? दादीच्या परसातल्यासारखा? मला माहीतच नव्हतं तो तिथेही आहे. माझ्यासाठी जागा ठेवा अब्बा, आय विल कम अँड स्टँड देअर." चाचांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मग म्हणाले, "पण मी तर चाललो." तेवढ्या वेळात पानं चटईभर पडली. ती कुणी सारली नाहीत.

त्याला आता वर्ष झालं. वरच्या मजल्यावर दुसरं कुटुंब आलंय, भलं आहे, पण रविवारी पहाटे बेल वाजवत नाही. मी उशिरापर्यंत झोपतो आणि उठल्यावर दिवसाचं काय करायचं ते कळत नाही. खरं सांगायचं तर चाचांची आठवण फार येते. परवा श्रीवर्धनला फोन केला तर आधी चाचीच तक्रार करायला लागल्या, की परसात पानांचा खच पडलाय आणि हे मला खराटा लावू देत नाहीत, शेजारी हसतात. मग चाचा आले. मी विचारलं, मुलगी येतेय का? "तिकीट बघतेय म्हणाली. इन्शाल्ला." मग म्हणाले, "गेल्या आठवड्यातही बघत होती."

संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. आडवा. लाल पानांनी भरलेलं परस, मागे विहीर, दोरीवर चाचींची ओढणी, त्यामागे डोंगराची कड. सगळं फोटोच्या कडांना सारलेलं होतं. झाडाखाली, बरोबर मध्यभागी, एका माणसाला दोन्ही कानांसकट उभं राहता येईल एवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.