यंत्रानं नाकारलेला तुकडा

चाकणकडचं आमचं सगळं शिवार कंपन्यांना गेलं, विहिरीजवळचा एक तुकडा तेवढा राहिला. तोही विकायचा म्हणून थोरला पोरगा मागं लागलेला. मी न्हाई म्हणायचो, आणि न्हाई म्हणून म्हणूनच थकलो होतो.

धाकटी लेक तळवड्याला कंप्युटरवर काम करते. भूकंपाचा पहिला बारीक हादरा पकडून, मोठा यायच्या आत सावध करणारी यंत्रं कुठं पुरायची, हे तिचं काम. मी म्हटलं, "एक आपल्या तुकड्यात पूर. सरकारी यंत्र बसल्यावर कोण विकतंय!"

"मी नाही ठरवत दादा, कंप्युटर ठरवतो."

तिनं समजावलं. कंप्युटर आधी यंत्रांच्या जागांच्या वाटेल तशा शेकडो मांडण्या करतो. जिला धक्का उशिरा कळेल ती मांडणी मारायची. चांगल्या दोघींची जोडी लावायची, त्यांच्यापासून नव्या काढायच्या, मधेच एखादी जागा उगीच सरकवून बघायची. अशा पिढ्यांमागून पिढ्या.

"म्हणजे बी राखल्यासारखं."

"तसंच."

चौथीपलीकडं शाळा न्हाई माझी, पण हे पटलं. रोज फोन करायचो, "हाय का अजून आपली जागा?"

"आहे, आहे. दादा, निवडणुकीची मोजणी आहे का ही?" ती हसायची.

एक दिवस हसली न्हाई. शेजारच्या कारखान्यातला मोठा घण पडला की जमीन किती हादरते, ते मोजून तिनं आकडे घातले होते. त्यानंतर आपली जागा धरलेली एकही मांडणी टिकेना. घणालाच यंत्र भूकंप समजणार.

"आमच्या एवढ्या पिढ्या हितं टिकल्या," मी चिडलो, "आन् तुझ्या कंप्युटरच्या पिढ्यांनी हाकललं व्हय?"

ती हळूच म्हणाली, "एक जागा मला हातानं पक्की करता येते. बाकीच्या कंप्युटर तिच्याभोवती मांडून घेतो. कुणी विचारणार नाही."

उभ्या जन्मात मी वशिला लावला न्हाई. थोरल्याला कंपनीत चिकटवायलाही साहेबाच्या दारात गेलो न्हाई. आता यंत्रासाठी लावू? आणि ते ऐन वेळी फसलं, तर कारखान्यात मशिनीवर उभ्या माणसांना सावध कोण करणार?

"नको," म्हटलं. "नापास ते नापास."

"दादा, भाऊ विकेल ओ तुकडा."

"म्हाईत हाय."

थोरल्याला मीच फोन लावला. त्याला वाटलं, तब्येत बिघडली. "विक्रीचे कागद घेऊन ये," एवढंच बोललो. एकाएकी असं काय झालं, म्हणून तो विचारत राहिला. सगळं पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला.