न पडलेला टॉवर

अमेरिकेत, नोव्हायमध्ये, आमच्या शेजारी एक जपानी इंजिनिअर राहायचे. दोघंही गाड्यांच्या धंद्यातले, त्यामुळे बोलणं व्हायचं ते ब्रेक आणि बर्फावर. एकदा त्यांनी मला गराज उघडून दाखवलं. आत पुठ्ठ्याचं शहर होतं. गल्ल्या, विजेचे खांब, रेल्वेचा पूल, सगळं माझ्या कमरेपेक्षा बुटकं. खुंटीला स्पंज आणि रबराचा एक अजस्र राक्षस लटकत होता. लहानपणी पाहिलेल्या राक्षसपटांसारखा एक सिनेमा ते सुट्टीच्या दिवशी बनवत होते.

मग कंपनीनं त्यांना परत बोलावलं. बायको-मुलं पुढे गेली. घर रिकामं करायचं होतं आणि शेवटचा प्रसंग राहिला होता. त्यात राक्षस शहरातला सगळ्यात उंच टॉवर पाडतो. राक्षसाचा पोशाख त्यांनी पत्नीच्या मापाचा केलेला. ती नाही, तर आत कोण जाणार? माझी बायको साधारण तेवढ्याच उंचीची.

"मी जाते," ती म्हणाली. "मोडतोडीचा माझ्याइतका अनुभव आहे कुणाला?"

टॉवरचं काम मी मागून घेतलं. मंडळाच्या गणपतीची आरास दरवर्षी मीच करतो, थर्माकोलवर हात बसलाय. शेजाऱ्यांनी नीट समजावलं होतं. भिंती कोपऱ्यांत नुसत्या टेकवायच्या, मागून अर्धवट चिरायच्या, आत पीठ भरायचं, म्हणजे पडताना धूळ उडते. मी मान डोलावली. घरी येऊन सुरी घेतली, पण चिरवेना. मखर मूर्तीवर कलू नये म्हणून आम्ही आतून बांबूच्या काड्या घालतो, सांध्यांवर गोंदाचा दुसरा हात देतो. तेच केलं. एवढा राक्षस, पाडेल की, असं स्वतःला सांगितलं. त्यांना काही बोललो नाही.

पोशाखाची पाठ उसवत आली होती, म्हणून शॉट एकदाच मिळणार होता. कॅमेरा सुरू झाला. बायकोनं पूल तुडवला, दोन घरं लाथाडली, धूळ छान उडाली. मग तिनं टॉवरला पंजा मारला. टॉवर हलला आणि पुन्हा सरळ झाला. तिनं खांदा लावला. काही नाही.

"अहो," रबराच्या आतून आवाज आला, "हे पडत नाहीये."

शेजाऱ्यांनी कॅमेरा थांबवला नाही. ती आणखी दोनदा आदळली, शेपटी घसरली, आणि मग गल्लीत फतकल मारून टॉवरला पाठ टेकून बसली. राक्षसाचं पोट वरखाली होत होतं.

"मी जरा बसते. पाणी आणा कुणीतरी."

शेजाऱ्यांनी शॉट पुरा होऊ दिला. मी तिचं मुंडकं काढून पाणी दिलं आणि तिथेच त्यांना काड्यांबद्दल सांगितलं. माफीही मागितली. ते टॉवरजवळ गेले, ऑफिसात बंपर ठोकून बघतात तसा ठोकला.

"जोड चांगला आहे," ते म्हणाले. मग कॅमेऱ्यावर तो शॉट पुन्हा पाहिला. "राक्षस दमला. हे मला सुचलं नसतं."

ते खूश होते की नाइलाजानं म्हणाले, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनी वर्षानुवर्षं मनात पाहिलेला शेवट माझ्या काड्यांनी अडवला, ही टोचणी आहेच.

परवा त्यांनी पूर्ण सिनेमा पाठवला. जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी तो टीव्हीवर पाहिला. शेवट तोच ठेवलाय: सगळं शहर धुळीत, मधे उभा टॉवर, आणि त्याला टेकून बसलेला राक्षस.

"पोट केवढं दिसतंय माझं," बायको म्हणाली.

"स्पंज आहे तो."

"पुन्हा लावा बरं."

मी मागे नेऊन पुन्हा लावला.