आत्याबाईंच्या परीक्षेतले माझे मार्क

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई सहा महिने माझ्याकडं नांदेडला आणि सहा महिने धाकट्या जावेकडं लातूरला असायच्या. सासरे गेल्यावर शिरूर अनंतपाळजवळची जमीन बटईनं दिली, गावातल्या घराला कुलूप लागलं, आणि दोघा भावांनी आईची वाटणी करून टाकली. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत थोरल्याकडं, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धाकट्याकडं. गावात सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, तशी आमची सासू घर बदलायची. हे बोलायला बरं दिसत नाही, पण होतं ते असं होतं.

मला या वाटणीत खटकायचे ते धाकटीचे सहा महिने. मी घर सांभाळणारी बाई आहे. आत्याबाई माझ्याकडं असल्या की त्यांना ताटाखालची रांगोळीसुद्धा पुसू देत नव्हते. सकाळी उठल्यावर दातवणाला कोमट पाणी, मग आंघोळीचं कढत पाणी, न्हाणीतून आल्या की इस्त्रीचं लुगडं तयार. वेणी मीच घालायची. भाकरीचा पापुद्रा काढून, मऊ भाग दुधात कुस्करून वाटी हातात द्यायची. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी वरवर नाही नाही म्हणायची, पण ते ऐकायला मला आवडायचं. अजूनही आवडेल, कुणी म्हटलं तर.

धाकटी निलंग्याकडची. मला अक्का म्हणते. लातूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, दुपारनंतर आणखी एका क्लासवर जाते. तिच्या घरी गेलं की सोफ्यावरचे धुतलेले कपडे बाजूला सारून बसावं लागतं. स्वयंपाक एकदाच, सकाळी, तोही घड्याळाकडं बघत. ती सासूचं काय करत असेल, असं मी लोकांना विचारायची नाही, नुसता उसासा टाकायची. लोक समजायचे ते समजायचे.

अशात आमच्या वस्तीत विद्यापीठाच्या मुली यायला लागल्या. म्हातारपणी माणूस धडधाकट कशानं राहतं, घरात कोण काय करतं, याचा त्यांचा नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत अभ्यास चालला होता. त्यांच्या मॅडम चाळिशीच्या, बोलायला गोड. आत्याबाई दोन घरांत राहतात हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. म्हणाल्या, आजींना आम्ही नांदेडची पाळी संपताना भेटू, आणि लातूरची संपताना तिथं जाऊन भेटू. मी मनात म्हटलं, बरं झालं. आता होऊ द्या दूध का दूध, पानी का पानी.

दसऱ्याच्या आधी त्या घरी आल्या. मी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर भरपूर शेंगदाणे घालून. आत्याबाईंना ठेवणीतलं लुगडं नेसवलं होतं. मॅडम एकेक प्रश्न विचारायला लागल्या. आजींना आंघोळ कोण घालतं? मी. लुगडं कोण नेसवतं? मीच. चहा कोण करतं, गोळ्या कोण काढून देतं, अंथरूण कोण घालतं? मी, मी, मी. दुकानात एकट्या जातात का? माझ्या जिवात जीव असेपर्यंत तरी नाही, असं मी ऐटीत सांगितलं. प्रत्येक उत्तराला मॅडम हातातल्या टॅबवर बोट टेकवत होत्या, आणि मला वाटत होतं की मार्क पडतायत. मॅडम मधेच म्हणाल्या, आजींना बोलू द्या ना. मी म्हटलं, त्या काय वेगळं सांगणार?

मग आत्याबाईंना हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितलं. त्या हलल्या तशी मी पुढं होऊन काखेत हात घातला. मॅडमनी मला मागं व्हायला सांगितलं. आत्याबाई अर्ध्या उठल्या, माझ्याकडं बघितलं आणि परत टेकल्या. मूठ दाबायचं एक यंत्र होतं, तेही त्यांनी लाजत लाजत दाबलं. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. सूनच इतकं करते म्हटल्यावर म्हातारीनं कशाला जोर लावायचा?

दसरा झाला, आत्याबाई लातूरला गेल्या. दिवाळीनंतर पुतण्याशी फोनवर बोलताना कळलं की तिकडं नळ सोडायच्या दिवशी आत्याबाई पाणी भरतात. लातूरचं पाणी कधी येईल याचा नेम नसतो, आणि दिवसभर घरी असतं कोण? त्याच. नळाचा आवाज आला की त्या उठतात, मोटर लावतात, टाकी भरली की बंद करतात. माझा तिळपापड झाला. मी मालकांना म्हटलं, बघा, तुमच्या आईला पाणक्याच्या कामाला लावलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, बटन तर दाबायचंय. मी त्या दिवशी त्यांच्याशी धड बोलले नाही.

खरं सांगायचं तर पाण्यानं माझं पोट दुखत नव्हतं. मी फोन केला की आत्याबाई म्हणायच्या, नंतर बोलू माय, वर गच्चीवर मिरच्या टाकल्यात. माझ्या घरी असताना त्या लातूरच्या फोनची वाट बघत बसायच्या, आणि लातूरला गेल्या की त्यांना माझ्याशी बोलायला वेळ नव्हता.

पाडव्याला त्या आल्या. रिक्षातून आपली पिशवी आपण घेऊन उतरल्या. मी धावत जाऊन ती हातातून काढून घेतली. चेहरा उन्हानं काळवंडला होता, हाताला मिरचीचा वास. धाकटी काही समोर नव्हती बोल लावायला, म्हणून मी आत्याबाईंना चांगलं चोळून न्हाऊ घातलं.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या लोकांनी आमच्या समाजमंदिरात म्हाताऱ्या माणसांचा मेळावा घेतला. ज्यानं त्यानं उठून सांगायचं, मी स्वतःच्या हातानं काय करतो. कुणी सांगितलं नातवाला शाळेत सोडतो, कुणी सांगितलं तुळशीला पाणी घालतो. आत्याबाई उठल्या. खुर्चीला हात न लावता उठल्या. आणि सगळ्या वस्तीपुढं लातूरचं सांगायला लागल्या. पाणी, मिरच्या, गल्लीच्या टोकाच्या दुकानातून दूध आणणं, दुपारी चार बायांना कुरडयांचा चीक शिजवून दाखवणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सून असावी तर अशी म्हणणारी शेजारीण माझ्याच बाजूला बसली होती. तिनं विचारलं, अन् हितं काय करतेत? मी म्हटलं, हितं आराम करतात. ते शब्द मला स्वतःलाच कसनुसे लागले.

दोन दिवसांनी मॅडम घरी आल्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. लातूरचा मुक्काम संपताना तिथं जाऊन तपासलेले आजींचे पाय, हात, तोल, सगळं नांदेडपेक्षा चांगलं निघालं होतं. आजी जे काम स्वतः करतील त्याचे गुण आजींना. दुसऱ्यानं केलं की शून्य. म्हणजे मी ऐटीत सांगितलेल्या प्रत्येक ‘मी’ला भोपळा मिळाला होता. मी हौसेनं परीक्षेला बसले होते आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा होता. मॅडमनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट म्हणाल्या, इतकं प्रेमानं कोण करतं आजकाल? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या यानंच.

जाता जाता त्या आणखी एक म्हणाल्या. या वयात दर सहा महिन्यांनी घर बदललं की माणूस बावरतं. दरवेळी नव्यानं जागा शिकावी लागते. जमलं तर आजींचं कायमचं घर एकच असावं, दुसरीकडं त्यांनी पाहुणं म्हणून जावं. पण कुठलं, ते आजींनाच विचारा. मालकांनी त्याच दिवशी भावाला फोन केला. ठरलं की दसऱ्याला आईला विचारायचं, ती म्हणेल ते घर तिचं.

म्हणजे माझ्या हातात दसऱ्यापर्यंतचा वेळ होता. मी ठरवलं, आत्याबाई लातूरला जाता कामा नयेत. त्यांना काम हवंय ना? घ्या काम. धाकटीपेक्षा जास्त देते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं मटकी निवडायला ठेवली. नंतर लसूण. नंतर कपड्यांच्या घड्या. दुधाला पाठवलं, आणि लांबून मागं मागं मी गेले. शेजारणीनं दोघींना तसं बघून तोंडाला पदर लावला. आत्याबाई सांगितलेलं सगळं करायच्या. पण त्यांनी निवडलेल्या मटकीत खडे राहायचे, मग मी ती पुन्हा निवडायची. घड्या तिरक्या पडायच्या, मी मोडून पुन्हा घालायची. चहा त्यांनी केला की मी गुपचूप त्यात दूध वाढवायची. माझा हातच तसा आहे. मला वाकडं बघवत नाही.

महालक्ष्म्यांचा सण थोरल्याच्या घरी, म्हणून लातूरचे सगळे आमच्याकडं आले. त्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, आंबिल मी करते. गावाकडं नेहमी त्याच करायच्या. मी हो म्हटलं, कारण धाकटी बघत होती. आत्याबाईंनी ज्वारीच्या पिठाची आंबिल चुलीवर ठेवली, हलवत बसल्या, पण गुठळ्या झाल्या, आणि मीठ दोनदा पडलं. नैवेद्याला आणि पंगतीला ती वाढायची कशी? त्या लुगडं बदलायला आत गेल्या तेव्हा मी पातेलं मागच्या दाराला नेऊन रिकामं केलं आणि घाईनं दुसरी केली. मागं वळले तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. जेवताना सगळ्यांनी आंबिलीचं कौतुक केलं, आजीच्या हाताची चव आहे म्हणून. त्या खाली मान घालून जेवत होत्या. मला वाटलं, त्यांच्या नावानं कौतुक होतंय म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं असेल.

दसऱ्याला लातूरचे आमच्याकडं आले, सोनं वाटून झालं, दोघं भाऊ आईजवळ बसले. धाकटी दाराशी उभी होती. मालकांनी विचारलं, आई, आता कायमचं कुठं राहायचं तुला? मी देवाला हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखीच बसले होते.

आत्याबाई म्हणाल्या, “लातूरला.”

लगेच म्हणाल्या. जरा वेळ घेतला असता तर मला एवढं लागलं नसतं. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत जिंकल्याचा मागमूस नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी सगळ्यांदेखत विचारलं, आत्याबाई, माझं काय चुकलं ते तरी सांगा.

“तुजं कुठं काय चुकतं माय,” त्या म्हणाल्या. “तुजं कायबी चुकत न्हाई. चुकतंय माजं, अन् तू ते पुन्यांदा करून ठेवतीस. तिथं माजं चुकलेलं खातेत.”

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. माझ्या गालावरून हातसुद्धा फिरवला. मालक खाकरले, दीर उठून बाहेर गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेली होती तरी.

संक्रांतीला मी लातूरला गेले, वाण घेऊन. अहमदपूरच्या पुढं एसटी बंद पडली, पोचायला दुपार झाली. धाकटी नुकतीच कॉलेजातून आली होती, केस विस्कटलेले. सोफ्यावरचे कपडे आत्याबाईंनी सारले, मला बसवलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी सवयीनं उठून त्यांच्या मागं निघाले.

“बस माय,” त्या आतूनच म्हणाल्या. “तू पाव्हणी हाइस.”

मी बसले. त्यांनी कपबशा आणल्या, बशीत थोडा सांडलेला होता. धाकटीनं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, आत्याबाई, साखर पुन्हा डबल टाकलीत.

“मग पी उगं,” आत्याबाई म्हणाल्या. “फुकट मिळालाय तर नखरे करायलीस.”

दोघी हसल्या. धाकटी तो पाकासारखा चहा भुरके मारत प्याली. लग्न होऊन आल्यापासून आत्याबाई मला माय म्हणत आल्या, बाळा म्हणत आल्या, आल्यागेल्याला माझं कौतुक सांगत आल्या. असं टाकून त्या मला एकदाही बोलल्या नव्हत्या. मला धाकटीचा हेवा वाटला. माझ्याही कपात साखर जास्तच होती. पण मी काही बोलले नाही. पाहुणी काय बोलणार?