माझे दोन्ही हात वर होते

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना हसायचं की घाबरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एकदा अख्ख्या वर्गाला एकच पासवर्ड दिला होता. दिला म्हणजे काय, खडूने फळ्यावर लिहिला... 'बाई१२३'. भोवती लाल चौकट काढली आणि खाली सूचना — कोणालाही सांगू नये!

नातवंडांना हे सांगितलं की ती गडाबडा लोळतात. हा ग्रुप मला नातीनेच दाखवला. म्हणाली, "आजी, इथं लोक भुताचे अनुभव लिहितात, तुझं ते लिही ना." भुताचं नाही गं बाई. ते कशाचं होतं हेच तर मला कळलेलं नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता — नव्हता म्हणजे किती नव्हता ते ऐका. मी विज्ञान शिकवायचे. हळदीच्या पाण्यात चुना टाकून 'रक्त' काढून दाखवायचे, तांड्या-तांड्यावर जाऊन. पदर खोचून भाषण ठोकायचे, की ज्याच्या अंगात येतं त्याने माझ्यासमोर यावं, मी थर्मामीटर लावून बघते. एका म्हाताऱ्याने खरंच काखेत थर्मामीटर लावून घेतला होता बिचाऱ्याने. तेव्हाची मी आज रस्त्यात भेटले ना, तर मीच रस्ता बदलेन.

तर शाळा सेनगावच्या पुढं, जीपमधून फाट्यावर उतरायचं आणि सोयाबीनच्या रानातून चालत जायचं, अशा एका तांड्यावर. नाव नाही सांगत, लोक ओळखतील. दोन खोल्या, फरशी स्वच्छ, चपला दाराबाहेर. चपलांच्या बाबतीत मी फार कडक, स्वतःच्यासुद्धा बाहेरच. गावाने वर्गणी काढून भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता, काही टॅब मिळाले होते, लॅपटॉप माझा आणि इंटरनेट माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. रोजची कटकट एकच — फोनवर बोलायला लागलं की हॉटस्पॉट तुटायचा.

दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊस तोडायला जायचा, पार खाली पश्चिमेकडे. पोरंही आईबापाबरोबर जायची. वर्ग निम्मा रिकामा. दरवर्षी पोरं परत येईस्तोवर वाचायचं विसरलेली असायची. मग त्या वर्षी एका ट्रेनिंगमध्ये मला क्लाउडवरचं ते सामायिक पान दाखवलं — एकच पान, सगळ्यांना एकाच वेळी उघडतं, कुणीही कुठूनही लिहा, सगळ्यांना लगेच दिसतं. माझ्या डोक्यात वीजच चमकली! वर्गातली पोरं टॅबवरून लिहितील, उसाच्या फडातली पोरं बापाच्या मोबाईलवरून, जेवायच्या सुट्टीत.

आणि चाललंही हो ते. खोटं का बोलू, फार छान चाललं. प्रत्येकाचा रंग वेगळा. जो लिहायला येईल त्याच्या रंगाची उभी रेघ पानावर लुकलुकायची आणि तिच्या डोक्यावर त्याच्या नावाची पट्टी. निकिताचा रंग जांभळा. पाचवीतली पोर, शांत, अक्षर टपोरं. ती फडावरून लिहायची, "आज दोन हंडे पाणी आणले. बाळूला दात आला." इकडून पोरं विचारायची, "खालचा का वरचा?" मग त्या दातावरून आमचा अख्खा तास व्हायचा. उसाच्या मोळ्यांवरून अपूर्णांक शिकवले मी, तिने मोळ्या मोजून पाठवायच्या आणि वर्गाने भाग करायचे.

बाळू म्हणजे तिचा भाऊ, तान्हा. आईबाप फडात तोडायला गेले की तो निकिताच्या हवाली. निघायच्या आदल्या दिवशी तिची आजी शाळेत आली होती. दारातच बसली.

"बाई, पोरगीच केवढी हाय अजून, अन् तिच्यापाशी तान्हं लेकरू सोडून हे दोघं ऊस तोडतेत. मी हितं, माझा जीव तिथं. तुमच्या टीव्हीत सगळं दिसतं म्हणे?"

"सगळं दिसतं मावशी! तुम्ही निश्चिंत राहा. तुमच्या दोन्ही लेकरांवर माझं ध्यान आहे."

बघा किती फुशारकी! टीव्हीत एक रेघ दिसते आणि ही बाई म्हातारीला वचन देऊन बसली.

संक्रांतीच्या सुमारास जांभळी रेघ यायची बंद झाली. निकिताच्या बापाचा फोन लागेना. टोळीच्या मुकादमाला लावला, तर तो म्हणाला, "फोन पाण्यात पडला त्याचा, बाई. पोरगी मजेत हाय. तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या?" मग मीही घेतलं नाही.

त्यानंतरची ती दुपार. खिचडी झाली होती, ताटल्या धुऊन पोरं नुकती आत आलेली. टॅबची बॅटरी संपली म्हणून सगळे टेबलावर ओळीने चार्जिंगला लावले होते. टीव्हीवर लॅपटॉपमधलं पान उघडं होतं. मी लॅपटॉपपाशी.

"निक्की आली! बाई, निक्की आली!"

जांभळी रेघ. डोक्यावर पट्टी — निकिता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! रेघ बराच वेळ नुसती लुकलुकत राहिली. मग एकेक अक्षर उमटलं.

बाई लेकरू कोपीत हाय

कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी, बांबू आणि पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याची. पोरं हसली. मी खाली लिहिलं, "आधी हजेरी लाव." तर पुन्हा तेच. बाई लेकरू कोपीत हाय. पुन्हा तेच. ओळीखाली ओळ. लिहिण्याचा वेगही असा... पोर मोबाईलवर चाचपडत लिहिते तसा नाही. सगळी अक्षरं सारख्या अंतराने, टप टप टप, पत्र्यावरून पाणी ठिबकावं तशी.

तेव्हा मला माझा 'बाई१२३' आठवला. म्हटलं, कुणीतरी निकिताच्या नावाने आत शिरलंय!

"कोण आहे रे? विशाल?"

विशालने हात दाखवले. "आमी न्हाई बाई! टॅब तर सगळे तिकडं बंद पडेल हायेत."

मागून पायल म्हणाली, "बाई, ती खरंच सांगत असंल तर?"

"गप बस. फोन पाण्यात पडलाय तिचा. कुणीतरी चेष्टा करतंय."

आणि मी त्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या. एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली! सेटिंगमध्ये गेले, सगळ्यांची लिहायची परवानगी काढून घेतली. आता पान सगळ्यांना दिसेल, पण लिहू शकेन फक्त मी. जांभळी रेघ विझली. मग वर्गाकडे तोंड करून मी पासवर्डच्या सुरक्षिततेवर व्याख्यान सुरू केलं. मी! फळ्यावर लाल चौकट काढणारी!

बोलता बोलता लक्षात आलं, पोरं माझ्याकडे बघत नाहीयेत. विशालसुद्धा तोंड उघडं ठेवून टीव्हीकडे बघत होता.

मी वळले.

पानावर एक रेघ लुकलुकत होती आणि डोक्यावरच्या पट्टीत माझं नाव होतं.

आता ज्यांनी हे वापरलंय त्यांना कळेल. त्या पानावर दुसऱ्यांची नावं दिसतात. आपण लिहितो तेव्हा आपल्याला आपलंच नाव तसं कधी दिसत नाही. मला ते दिसत होतं. आडनावासकट.

बाई लेकरू कोपीत हाय जाळ आला

मी दोन्ही हात वर केले. का, ते विचारू नका. चोर पकडल्यावर करतो तसे, सरळ वर. "मी नाही... बघा रे, मी नाही लिहीत!" पोरं माझ्या हातांकडे बघायची, टीव्हीकडे बघायची, परत हातांकडे. आणि माझे हात वर असताना माझ्या नावाखाली अक्षरं उमटत होती.

उचला

पायल रडायला लागली. माझी तर मान अशी ताठली, की डोळे बाजूला घेता येईनात. हात खाली घ्यायचे हेही सुचेना. कानात नुसती घूं... किती वेळ उभी होते देव जाणे. (देव जाणे! थर्मामीटरवालीच्या तोंडी!) मधला थोडा वेळ तर मला आठवतच नाही. पायल माझा पदर ओढत होती, तेव्हा भान आलं. "बाई, फोन लावा. बाई, फोन लावा ना वो."

मुकादमाला फोन लावला. हॉटस्पॉट तुटला, टीव्हीच्या कोपऱ्यात नेट गेल्याची खूण आली. मी हुश्श केलं, म्हटलं सुटलो.

उचला उचला उचला

नेट नसताना! मी तिथंच फरशीवर बसले.

"हॅलो, बाई? काय झालं?"

"निकिताच्या कोपीकडे जा. आत्ता. लेकरू आत आहे, आग लागलीय."

"कुणी सांगितलं तुमाला? मी तर कारखान्यावर हाय, फडावर काही—"

"जा म्हणते ना! तुझ्या पाया पडते बाबा, जा!"

शिक्षिकेने असं म्हटल्यावर तो दचकला असावा. गाडी सुरू केल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. सगळी पोरं माझ्याभोवती येऊन चिकटून बसली. टीव्हीकडे कुणी बघेना. शेवटी मीच डोळे मिटून भिंतीवरची पिन उपटली. त्या म्हातारीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत होतं. पुसल्या होत्या मी त्या ओळी. स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या.

मुकादमाचा फोन आला तेव्हा तो हुंदके देत होता, का धापा टाकत होता, कळेना.

"बाई, शेजारच्या फडातलं पाचट पेटवलं होतं कुणी, वाऱ्यानं इकडं आलं. कोपी जळाली. राखच हाय नुसती... पण लेकरू बाहीर हाय. पोरगीनं काढलं आधीच. बराबर हायेत दोघं. पण तुमाला हिंगोलीत बसून कसं कळलं वो?"

मी फोन ठेवला आणि पोरांना सांगितलं, बाळू बरा आहे.

घरी आले तर तळपायांची आग आग होत होती. थंडीचे दिवस, रोजचीच वाट, तरी चपलेत पाय ठेववेना. ह्यांनी कोकम तेल चोळून दिलं, म्हणाले, "बीपी वाढलंय तुझं." मीही तेच धरून बसले.

केंद्रशाळेतल्या एका तरुण मास्तरने लॅपटॉप तपासला. "बाई, तुमचं खातं दुसऱ्या मशीनवर उघडं असेल," म्हणाला. बघितलं, तर नव्हतं. त्या पानाचा मागचा इतिहास काढला. मी पुसलेल्या ओळी निकिताच्या नावावर, पुढच्या माझ्या नावावर. नेट गेल्यावरच्यासुद्धा. त्याने पान दोनदा मिटून पुन्हा उघडलं, मग म्हणाला, "बाई, तुमीच लिहिलं असंल." मी वाद घातला नाही. नवे पासवर्ड केले, ज्याचा त्याला वेगळा. पण ते पान मी पुन्हा उघडलं नाही. त्या वर्षी उरलेले दिवस खडूवर काढले. पोरांनीही एकदा विचारलं नाही, की बाई, टीव्ही का लावत नाही?

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. नात तिच्या शाळेचं असंच पान उघडते, मैत्रिणींच्या रंगीत रेघा पळत असतात. "आजी, तू पण लिही ना," म्हणते. मी चष्मा सापडत नाही म्हणते. चष्मा डोक्यावर असतो, ते तिलाही दिसतं. खरं कारण हे, की मला त्या पट्ट्यांमधली नावं वाचायची नसतात. या सगळ्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आजही लागलेला नाही. हळद-चुन्याचा प्रयोग मी अजून करून दाखवू शकते. याचा नाही.

त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या आधी टोळी परतली. मी शाळा सुटल्यावर फाट्यावर जीपची वाट बघत होते आणि त्यांचा ट्रक माझ्यासमोरच थांबला. तांड्यावरचं कुणी अजून त्यांना भेटलं नव्हतं. बाळूला कडेवर घेऊन निकिता उतरली आणि सरळ माझ्याकडे आली. मी काही विचारायच्या आत तिने खाली वाकून माझ्या पायांकडे बघितलं. नमस्कार करतेय असं वाटून मी तिला धरलं, तर ती म्हणाली,

"बाई, मी आईला पाणी द्यायला फडात गेले होते, वळून बघितलं तर तुमी आमच्या कोपीपाशी उभ्या, दोन्ही हात वर करून. म्हणून तर मी पळत आले. बाळूला घेऊन भाईर निघाले तवा खालचं पाचट पेटलं होतं, अन् तुमी त्याच्यातच उभ्या, अनवाणी. पाय लई भाजले का वो बाई?"